इनांगला पेनांग दाखवलं

माझी सासू चिडल्याशिवाय बोलत नसे. आनंदाची बातमीसुद्धा ती भांडण काढल्यासारखी द्यायची. आमची तिउर झाली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून तिने जमलेल्या सगळ्या गोतावळ्याला ऐकवलं होतं, "मुलगी झालीय. कोणाला काही म्हणायचंय?" कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. तळ्याकाठच्या आमच्या बालिगे गावच्या बाजारात ती सुकी मासळी विकायची, आणि गिऱ्हाइकाने मासळी फार वेळ उलटीपालटी केली की विचारायची, "घेणार आहेस, की सून करून नेणार आहेस?" नवरा गेला तेव्हा धाकटी रुमोंदांग पहिलीत होती. त्या एका पाटीवर तिने पाचही मुलं वाढवली, शिकवली. गावात तिला ओम्पुंग तिउर म्हणत, तिउरची आजी, कारण आम्हा बाताक लोकांत नातवंड झालं की माणसाचं स्वतःचं नाव कोणी घेत नाही. घरात आम्ही सगळे तिला इनांग म्हणायचो, आई.

पेनांगला, समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या दवाखान्यांच्या शहरात, आम्ही काही फिरायला गेलो नव्हतो. मेदानहून सुटणाऱ्या त्या विमानात फिरायला जाणारे थोडेच. निम्म्यांच्या मांडीवर एक्स-रेची पाकिटं असतात आणि उरलेले निम्मे त्यांना धरून बसलेले असतात. इनांगचं पोट कित्येक महिने दुखत होतं, डोळे पिवळे पडले होते, आणि ती कोणालाही हात लावू देत नव्हती. शेवटी रुमोंदांगने शाळेतून रजा काढली, माझ्या नवऱ्याने तिकिटं काढली, आणि आम्ही तिघांनी मिळून तिला जवळजवळ उचलूनच विमानात घातलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि सहालाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आत बोलावलं. यकृतात आहे, पसरलंय, आता कापून उपयोग नाही, नाताळपर्यंत काढलं तर पुष्कळ. सहालाने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. बाहेर बाकावर इनांग आणि रुमोंदांग बसल्या होत्या. सहाला त्यांच्यासमोर गेला, हसला आणि म्हणाला, "खडे आहेत. पित्ताचे. गोळ्यांनी विरघळतात. फक्त डुकराचं मांस बंद."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस भाजी आणायला विसरला तरी तसं सरळ सांगणारा. संध्याकाळी खोलीचं दार लावून मी विचारलं, "तिउरचे बाबा, खरं कधी सांगणार आहात?"

"आधी रुमोंदांगचं बघू."

"तिचं काय बघायचंय?"

"लग्न."

मला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आमच्यात मरणालाही पायऱ्या आहेत. सगळ्या मुलांची लग्नं झालेली, नातवंडं अंगणात खेळतायत, असं माणूस गेलं तर ते पूर्ण मरण. त्याला वाजंत्री लागते, रेडा कापतात, लोक शवपेटीभोवती नाचतात, रडणाऱ्यालाच वेड्यात काढतात. पण एक जरी मूल बिनलग्नाचं मागे राहिलं तर मरण उणं. रेडा नाही, आणि लोक मान हलवत हलवत घरी जातात. रुमोंदांग अडतिशीची, बिनलग्नाची. आणि सहाला म्हणजे गावोगावच्या समारंभांत मानाने बोलायला उभा राहणारा माणूस. कापलेल्या जनावराचा कोणता तुकडा कोणाच्या हक्काचा, कोण आधी बोलणार, कोण मागून, हे लोक त्याला विचारून ठरवतात. अशा माणसाची आई रेड्याविना जाणार, हेच त्याला आईच्या मरणाहून जड झालंय असं मला वाटलं, आणि माझा संताप संताप झाला.

"नाताळच्या आत नवरा आणणार कुठून? बाजारातून?"

"आहे एक. इथेच असतो. जोंगी सिआनिपार. कारखान्यात आहे, बायको वारलीय, सुटीच्या दिवशी गाडी चालवतो. मी फोनवर बोललो. उद्या तो आपल्याला पेनांग दाखवेल. त्या निमित्ताने दोघं एकमेकांना बघतील."

"आणि रुमोंदांगला हे माहीत आहे?"

"तुला माहीत आहे तेवढं पुरे. तोंड उघडू नकोस."

मी तोंड उघडलं नाही. उशीवर मूठ मारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी जोंगी आला. ठेंगणा, नीट भांग पाडलेला, शर्टाला इस्त्री. सहालाने रुमोंदांगला जवळजवळ ढकलूनच पुढच्या सीटवर बसवलं. "तुला मागे मळमळतं ना," म्हणाला. रुमोंदांगला आयुष्यात कधी मळमळलेलं नाही. मागे आम्ही तिघं, मधे इनांग. गाडी वळण घ्यायच्या आत इनांगने चौकशी सुरू केली, कारण दोन बाताक भेटले की आधी कुळं उलगडतात, त्याशिवाय एकमेकांना काय हाक मारायची तेच कळत नाही.

"कुठला तू?"

"सिआनिपार, इनांग."

"ते ऐकलं. आई कुठली?"

"नापितुपुलूंची."

इनांग पुढे सरकली. "म्हणजे माझ्या नवऱ्याच्याच गोतातली. मग मी तुझी मामी झाले. इनांग काय म्हणतोस? मामी म्हण."

"हो, मामी."

"वा!" सहाला मधेच बोलला. "म्हणजे रुमोंदांग तुझ्या मामाची मुलगी. अगदी जुळलं की!"

मामाच्या मुलीवर पहिला हक्क, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. रुमोंदांगने खिडकीची काच खाली केली. इनांगने सहालाकडे एकदा नीट पाहिलं आणि जोंगीला विचारलं, "बायको?"

"वारली, मामी."

"कशाने?"

"तापाने."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"साधा ताप आहे म्हणाला होता."

"सगळे डॉक्टर चोर," इनांग म्हणाली. सहाला बाहेर बघायला लागला. मी इनांगच्या पुढून पाय लांबवून त्याच्या पायावर दिला, जोरात दिला.

आधी टेकडी. वर नेणाऱ्या गाडीला ही लांब रांग, सगळं जग टोप्या घालून उभं. इनांगला उभं राहवत नव्हतं. मी दंड धरला तर तिने झटकला. "हात सोड. खडे पोटात आहेत, पायात नाहीत." मग सहालाकडे वळून, "आम्ही डोंगरात जन्मलो, डोंगरातच मरणार. डोंगर दाखवायला समुद्र ओलांडून आणलंस होय रे?" सहालाने 'मरणार' ऐकलं आणि पाणी आणायला गेला. वर पोचल्यावर खाली सगळं शहर, समुद्र, पूल दिसत होता. इनांगने कठड्याला टेकून श्वास घेतला आणि म्हणाली, "आमचं तळं याहून मोठं आहे." मग तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

सहालाचं लक्ष कुठे होतं? फोटोत. "रुमोंदांग, इकडे ये. जोंगी, तू जरा तिच्या शेजारी. आणखी शेजारी. फोनमध्ये सगळे मावत नाहीत, तुम्ही दोघंच उभे राहा."

"सगळे मावत नाहीत तर आईला गाळायचं का?" इनांग म्हणाली.

"तुझा नंतर काढतो ना."

"नंतर कधी?"

त्याने फोन पुन्हा त्या दोघांकडे वळवला. रुमोंदांग जोंगीपासून हातभर लांब सरकली आणि तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. तिला काहीच माहीत नव्हतं, ना आईचं, ना स्वतःचं. मी बुटाचा बंद बांधायला खाली वाकले. माझ्या बुटाला बंद नव्हते.

तिथून म्युझियम. कोणा जुन्या चिनी सावकाराची हवेली आहे, तिकीट लावून दाखवतात. हिरव्या काचा, लाकडावर कोरलेले पक्षी, काचेच्या कपाटात चहाचे पेले, सावकाराच्या सगळ्या बायकांच्या तसबिरी. खालच्या मजल्यावर इनांगचा पारा चढायला लागला होता. "मेलेल्या माणसाचे पेले बघायला पैसे मोजतात लोक. त्याच्या सुनेला विचारलं का कोणी, हे रोज घासायचं कोण?" जोंगीला हसू आलं. सहालाला आलं नाही, तो आम्हाला जिन्याकडे हाकत होता. "वर चला, वर चला. खरी गंमत वर आहे."

वर नवरानवरीची खोली होती. पलंगावर लाल पडदे, समोर दोन खुर्च्या नवरानवरीच्या, पुढे दोरी बांधलेली आणि बसू नका अशी पाटी. कोपऱ्यात एक मुलगी जुन्या धर्तीचे जरीचे कपडे घेऊन बसली होती. ते भाड्याने अंगावर चढवून लोक फोटो काढत होते. सहाला सरळ तिच्याकडे गेला आणि दोन अंगरखे घेऊन आला, एक बाईचा, एक पुरुषाचा.

"रुमोंदांग, हा घाल. जोंगी, हा तुझा. गंमत म्हणून."

"मी नाही घालणार," रुमोंदांग म्हणाली.

"अगं, सगळे घालतात. इनांगला आवडेल."

"सहाला," इनांग म्हणाली. आवाज खाली होता. ती खालच्या आवाजात बोलली की आम्हा सगळ्यांना धडकी भरायची. "तुझी बायको इथे उभी आहे. तिला घाल. तू घाल. तुम्ही काढा फोटो."

"आम्ही म्हातारे झालो."

"गेल्या वर्षी तुझ्या भाच्याने लग्नात नवऱ्याची टोपी गंमत म्हणून घातली तर तू त्याच्या कानाखाली वाजवलीस. लग्नाच्या कपड्यांची थट्टा करू नये म्हणालास. आज थट्टा चालते?"

इनांगने दोरी उचलली, खालून वाकून गेली आणि नवरीच्या खुर्चीवर जाऊन बसली. दारातला पहारेकरी धावत आला. "मावशी, तिथे बसायचं नसतं."

"दमलेय. बसू दे," ती मलयमध्ये म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखी आमच्याकडे वळली. "मी जन्मभर बाजारात बसलेय. घाई कोण करतो ते मला कळतं. ज्याचा माल नासायला आलाय तो. कालपासून तू घाई करतोयस. तुझा कुठला माल नासतोय, सहाला? ही, की मी?"

"इनांग, काय बोलतेस! खडे आहेत."

"तू सांग." तिने माझ्याकडे बोट केलं. "याचे कान लाल झालेत. तू सांग."

सहालाने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं. मला त्याचा राग आला होता, डॉक्टरचा आला होता, त्या जरीच्या कपड्यांचा आला होता, आणि त्या रागातच माझ्या तोंडून गेलं. "यकृतात आहे, इनांग. पसरलंय. नाताळपर्यंत काढलं तर पुष्कळ, म्हणाले."

रुमोंदांगच्या तोंडून एक आवाज निघाला. सहालाच्या हातातले दोन्ही अंगरखे खाली पडले. इनांग मात्र हलली नाही. पहारेकऱ्याला भाषा कळत नव्हती, पण तो दोन पावलं मागे सरकला.

"कोणाकोणाला माहीत होतं?" इनांगने विचारलं.

"मला आणि यांना."

"आणि या गाडीवाल्याला?"

"नाही, मामी, शपथेवर सांगतो," जोंगी घामाघूम झाला होता. "मला फक्त सांगितलं, बहीण आलीय, बघून घे."

"म्हणजे परक्या डॉक्टरला माहीत. सुनेला माहीत. नवरा मुलगा गाडी घेऊन दारात हजर. आणि मी टेकडीवर समुद्र बघतेय!" आता आवाज चढला, आणि बाताकांचा आवाज चढला की काय होतं ते सांगायला नको. शेजारच्या खोलीतले लोक दारात गोळा झाले. "माझं मरण आहे ते! माझ्या पोटातलं! माझी वस्तू होती ती, सहाला, आणि तू ती माझ्यापासून चोरलीस!"

"तुझ्यासाठीच करत होतो!" सहालाही ओरडला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "जन्मभर तू लोकांच्या मयतांना गेलीस. लोकांच्या रेड्यासाठी तांदूळ वाहिलेस. तुझ्या वेळी वाजंत्री नको? लोक मान हलवत घरी जातील, ते मी बघू?"

"मला वाजंत्री ऐकू येणार आहे का, गाढवा?"

"मला कोणी विचारणार आहे का?" हे रुमोंदांग. "मला पार्देदेंचा मुलगा आवडला होता तेव्हा तूच उभा राहिलास ना, दादा? एकाच मूळपुरुषाची पोरं तुम्ही, लोक थुंकतील म्हणालास. मी सोडलं. तेव्हा गोत आडवं आलं, आणि आता कोणीही चालतो? अंगरखा चढवला की झालं लग्न?" मग ती जोंगीकडे वळली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "चालेल. करते मी. याच्याशीच करते. उद्याच्या उद्या लावा. इनांगला रेडा मिळू दे."

"गप्प!" इनांगने खुर्चीच्या हातावर थाप मारली. पहारेकऱ्याने डोळेच मिटले. "माझ्या पेटीपुढे रेडा उभा राहावा म्हणून तू जन्मभर परक्याच्या घरात राहणार? मी मासळी विकली ती तुला रेड्याच्या बदल्यात देण्यासाठी नाही. आणि तू रे," हे जोंगीला, "तू चांगला मुलगा आहेस. तुझा काही दोष नाही. ते अंगरखे उचल आणि परत देऊन ये."

जोंगीने उचलले, घडी घातली आणि देऊन आला.

इनांग खुर्चीवरून उठायला लागली आणि पुन्हा बसली. मी पुढे झाले. या वेळी तिने माझा हात झटकला नाही. दारातल्या लोकांनी वाट करून दिली, आम्ही जिना उतरलो, आणि बाहेर उन्हात येताच ती म्हणाली, "मला डुक्कर खायचंय."

"इनांग, डॉक्टर म्हणाले—" सहालाने सुरुवात केली.

"डॉक्टर खड्यांसाठी म्हणाले. खडे नाहीत ना? मग?"

जोंगीने आम्हाला एका मोकळ्या जेवणाच्या जागी नेलं. पत्र्याचं छप्पर, भोवती टपऱ्या, मधे टेबलं. भाजलेलं डुक्कर आणि भात, पाच ताटं. रुमोंदांगचं नाक लाल झालं होतं. सहाला टेबलावरचं पाणी बोटाने पुसत बसला होता. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. तिघींना ज्याने दिवसभर खेळवलं, त्याची दया मला इतक्या लवकर येत नाही.

इनांगने आपलं ताट पुढे ढकललं. "भरवा."

आमच्यात म्हाताऱ्या आईबापांना मुलं आपल्या हाताने मांस भरवतात. एकदाच भरवतात. त्यानंतर त्यांनी संसारातून हात झटकले असं समजतात, आणि ते जे सांगतील तो त्यांचा शेवटचा शब्द. पण तो केवढा समारंभ असतो! मांडव पडतो, दोन्हीकडचे पाहुणे येतात, भाषणं होतात.

"इथे?" सहाला म्हणाला. "इनांग, हे असं नसतं. सगळ्या मुलांची लग्नं झाल्यावर करायचं असतं. तुझे माहेरचे लागतात. त्यांनी खांद्यावर उलोसची शाल घालायची असते. आख्खं डुक्कर लागतं."

"डुक्कर आहे. बाकीचं काय, माझ्या भावांना विमानात बसवून आणतोस?"

"आणि थोरल्यापासून सुरुवात करतात."

"आज धाकटीपासून."

"इनांग, तिचं लग्न झालेलं नाही, तिला हे करताच येत नाही!"

"हात आहे ना तिला?"

जोंगी उठायला लागला. "मामी, मी बाहेर थांबतो."

"बस. साक्षीदार लागतो. आणि जेव, निवतंय."

रुमोंदांगने ताट जवळ ओढलं. एक तुकडा घेतला, त्यातली चरबी काढली, मग पुन्हा लावली, कारण इनांगला चरबी आवडते. तिचा हात स्थिर होता. रागाने तिचा हात नेहमीच स्थिर होतो, आईवर गेलीय. "उघड तोंड," ती म्हणाली. इनांगने तोंड उघडलं. बराच वेळ चावलं, गिळलं. "कातडं छान भाजलंय," म्हणाली. "पुढे."

पुढे सहाला. त्याने तुकडा उचलला आणि तिथेच त्याचा बांध फुटला. हा माणूस शेकडो लोकांसमोर माइकवर बोलतो, न अडखळता. तो त्या पत्र्याखाली हातात मांस धरून हमसून हमसून रडला. "मला जमत नाही, इनांग."

"रडायचं तर ताट बाजूला ठेवून रड. खारट होतंय."

त्याने डोळे बाहीला पुसले आणि भरवलं. मग मी. मी भरवताना तिने माझं बोट दातांत किंचित धरलं आणि सोडलं. "तू सांगितलंस," म्हणाली. एवढंच.

मग ती पाणी प्यायली आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आता माझा शब्द. रेडा नसेल. नसू दे. डुकरं कापा, सगळ्यांना वाटा. पण माझ्या मयताला येऊन ज्याने कोणी या पोरीला विचारलं की लग्न का केलं नाहीस, किंवा हिच्यामुळे आईचं मरण उणं झालं असं जो म्हणाला, त्याला मांसाचा वाटा द्यायचा नाही. तो कोणीही असो."

सहालाने ताट बाजूला सारलं. आमच्यात जमिनीवरून भांडलेली भावंडं पुन्हा बोलायला लागतात, पण मयताच्या मांसातला हक्काचा वाटा नाकारला तर तीन पिढ्या बोलत नाहीत. "इनांग, वाटा नाकारता येत नाही. कोणी कधी नाकारलेला नाही. डोकी फुटतील."

"फुटू देत. मी नसेनच."

"मला समारंभात पुन्हा कोणी उभं करणार नाही."

"मग बसून राहा," ती म्हणाली आणि उरलेलं ताट स्वतःच्या हाताने संपवलं.

इनांग नाताळच्या आधीच गेली. शेवटपर्यंत चिडलेली होती, गोळ्यांवर, पाद्रींवर, आम्ही पाय दाबतो त्यावर. पण सहालावर पुन्हा ओरडली नाही, आणि त्यालाच ते सर्वांत जास्त लागलं. बालिगेच्या अंगणात पेटी ठेवली. जोंगी पेनांगहून आला आणि भाताची पातेली उचलू लागला. मांस शिजलं, वाटे पडले, ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या पुढे ठेवला गेला. मग भाषणं सुरू झाली.

सहालाचे धाकटे काका माइक घेऊन उभे राहिले. घरातले आता सर्वांत वडील तेच. आधी त्यांनी इनांगची पुष्कळ स्तुती केली. मग म्हणाले, "एवढी खमकी बाई, पण रेड्याविना चालली. कोणामुळे, ते मी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मुलीने आज आईच्या पायाशी बसून माफी मागावी. मग आमच्याही घशाखाली घास उतरेल."

सगळी डोकी रुमोंदांगकडे वळली. ती पेटीच्या उशाशी बसली होती, काळ्या कपड्यांत. मी सहालाकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं हा आता खाली बघेल. जन्मभर ज्या रीतीवर तो पोसला, ती मोडायची ताकद याच्यात कुठून येणार?

तो उठला. काकांपुढचं ताट त्याने उचललं.

"काय करतोस?" काकांनी माइकवरच विचारलं, त्यामुळे सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"हा वाटा इथून उठला, काका."

"माझा हक्काचा वाटा आहे तो!"

"होता."

"कोणी ठरवलं?"

"इनांगने. भरवल्यानंतरचा तिचा शब्द आहे."

"भरवलं? कधी भरवलं? आम्हाला न बोलावता?"

"पेनांगला. टपरीवर. पहिला घास हिने भरवला." त्याने रुमोंदांगकडे बोट केलं.

मग जे व्हायचं ते झालं. काकांनी खुर्ची लाथेने उडवली. त्यांची मुलं उठली, आमचे जावई उठले, पाद्री मधे पडले आणि त्यांचा चष्मा कोणाच्या तरी कोपराने गेला. काकांच्या घरचे सगळे ताटं तशीच टाकून निघून गेले. त्यांच्या घरातलं कोणी आजही आमच्या दारावरून जाताना मान वळवत नाही, आणि सहालाला त्यानंतर कुठल्याही समारंभात कोणी बोलायला उभं केलेलं नाही.

पण त्या गोंधळात त्याने ताट खाली ठेवलं नव्हतं. तो ते हातात धरून माणसांतून वाट काढत पेटीपाशी गेला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "खा," म्हणाला.

रुमोंदांगने त्याच्याकडे पाहिलं, मग अंगणात उरलेल्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. तिने तो वडीलधाऱ्या पुरुषाचा तुकडा उचलला आणि आईच्या उशाशी बसून, सगळ्यांच्या देखत, सावकाश संपूर्ण खाल्ला. मग हाड ताटात ठेवून तिने माझ्याकडे पाणी मागितलं.